कौटुंबिक वकिलीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण : शपथपत्रात भक्कम, वसुलीत अपुरे

कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकिलांसाठी पुण्यात गेल्या महिन्यात शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. शुल्क ३,५०० रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, चहा व नमुन्यांची एक जाड फाईल मिळाली. मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी १७ वर्षे वकिली करते आणि माझ्याकडची निम्म्याहून अधिक कामे घटस्फोट, पोटगी व मुलांचा ताबा यांचीच असतात. या प्रशिक्षणाबद्दल चांगले आणि उणे दोन्ही लिहायचे असल्याने आयोजक संस्थेचे नाव येथे देत नाही. परंतु या विषयात काम करणाऱ्या, विशेषतः तालुक्याच्या न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलांना अशा वर्गासाठी पैसे आणि दोन दिवस खर्च करावेत की नाही, याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दिवशीचे पहिले सत्र मालमत्ता व दायित्वांच्या शपथपत्राचे होते आणि संपूर्ण प्रशिक्षणात तेच सर्वांत उत्तम झाले. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आपण सगळेच युक्तिवादात सांगतो, पण तो प्रत्यक्ष वापरतो किती, हा प्रश्न वक्त्या मॅडमनी सुरुवातीलाच विचारला. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले होते. पत्नीने २०१३ साली मागितलेली अंतरिम पोटगी अनेक वर्षे लोंबकळत राहिली आणि त्या विलंबाकडे पाहूनच न्यायालयाने संपूर्ण देशासाठी निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी विहित नमुन्यात शपथपत्र द्यायचे, उत्तरासाठी चार आठवडे आणि फार तर दोन संधी द्यायच्या, आधीच्या कार्यवाहीत मिळालेल्या पोटगीची माहिती लपवायची नाही आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच मंजूर करायची, असे त्याचे स्वरूप आहे. तरीही खालच्या न्यायालयांत हे निर्देश पाळले जात नसल्याचे ‘अदिती ऊर्फ मिठी विरुद्ध जितेश शर्मा’ या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. मॅडमनी हे दोन्ही निकाल वाचून दाखवण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी प्रत्येकाच्या हातात कोरा नमुना दिला आणि आपल्याकडच्या एखाद्या चालू प्रकरणाची माहिती आठवून तो पेन्सिलने भरायला लावला.

या निकालाला जोडलेल्या नमुन्यांपैकी शहरी नोकरदार किंवा व्यावसायिकांचा नमुना बहुतेकांना माहीत असतो. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे मात्र सभागृहातील निम्म्या वकिलांना ठाऊक नव्हते, आणि आमच्या भागात तोच अधिक उपयोगाचा आहे. जमीन किती आणि तीत हिस्सा किती, ती बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिके निघतात, मागील तीन वर्षांचे शेतीचे उत्पन्न किती, दुसऱ्याची जमीन वाट्याने केली आहे का, जनावरे किती आहेत, किसान क्रेडिट कार्ड किंवा पीककर्ज घेतले आहे का, असे त्यातले रकाने आहेत. नवरा कैफियतीत (लेखी उत्तरात) ‘दोन एकर जिरायत आहे आणि मोलमजुरी करतो’ असे लिहून मोकळा होतो, तेव्हा उलटतपासात काय विचारायचे याची तयार यादीच हा नमुना हाती देतो.

मी माझ्याकडच्या एका प्रकरणाचा नमुना भरायला घेतला तेव्हा जनावरांच्या रकान्यापाशी थांबले, कारण पक्षकार बाईंना मी ते कधी विचारलेच नव्हते. दुपारच्या सुट्टीत त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, चार म्हशी आहेत. दुधाचं बिल सासूबाईंच्या नावावर निघतं, पण पैसे ह्यांच्याच खात्यावर जमा होतात.’ दर दहा दिवसांनी निघणारी ती बिले आणि नवऱ्याच्या बँक खात्याचा उतारा एकमेकांशेजारी ठेवला की मोलमजुरीचा दावा टिकत नाही. सासूच्या नावावरील सातबारा, कारखान्याला गेलेल्या उसाची वजनाची पावती आणि विकास सोसायटीचे कर्जखाते हे कागदही त्याच ओळीत बसतात. अंतरिम अर्जाला मी जोडायला हवे होते ते कागद दीड वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते आणि एका छापील रकान्यामुळे ते ध्यानात आले. या एका सत्रासाठी मी पुन्हा शुल्क भरीन.

दुसरे सत्र पुराव्याचे होते. ‘विभोर गर्ग विरुद्ध नेहा’ या प्रकरणात १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले संभाषणाचे ध्वनिमुद्रण वैवाहिक वादात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय दिला आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा उलट निकाल रद्द केला. वैवाहिक संभाषणाला कायद्याने दिलेले संरक्षण पती-पत्नींच्या आपसातील खटल्यात लागू होत नाही, हा त्यातला मुख्य धागा वक्त्यांनी नीट उलगडून सांगितला. पक्षकाराला ‘रेकॉर्डिंग करा’ असा सल्ला सरसकट देऊ नये, असा इशाराही त्यांनी दिला. पुरावा स्वीकारला जातो याचा अर्थ त्यावर विश्वास ठेवला जातो असा होत नाही. आवाज कोणाचा आहे, मुद्रण अखंड आहे का आणि ते प्रस्तुत आहे का, हे सिद्ध करावेच लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरात संशयाचे वातावरण वाढते आणि त्याचा भार मुलांवर पडतो. हे त्यांनी ज्या कळकळीने सांगितले, ते मला मनापासून पटले.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा भाग मात्र घाईत उरकला. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर मोबाईल किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही लागते आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची; दोन्हींत फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा सांकेतिक आकडा, लिहायचे असते. पुण्या-मुंबईत असा तज्ज्ञ शुल्क घेऊन प्रमाणपत्र देतो. तालुक्याच्या ठिकाणी महिना सहा हजारांची पोटगी मागणाऱ्या बाईने तो कोठून आणायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे? कलम ६३ तज्ज्ञाची पात्रता सांगत नाही, त्यामुळे न्यायालयागणिक वेगळी अपेक्षा असते. मी हा प्रश्न विचारला तेव्हा ‘कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ चा आधार घ्या’ असे उत्तर मिळाले. कलम १४ मुळे कुटुंब न्यायालयाला वाद मिटवण्यास उपयोगी पडेल असा कोणताही कागद किंवा माहिती साक्षीपुराव्याच्या काटेकोर नियमांत न अडकता पाहता येते, हे खरेच आहे. परंतु ते कुटुंब न्यायालयासाठी आहे.

येथेच या प्रशिक्षणाची पहिली मोठी उणीव दिसते. दोन्ही दिवस वक्त्यांच्या डोळ्यांसमोर कुटुंब न्यायालयच होते. समुपदेशक आहेत, मुलांना भेटण्यासाठी वेगळी खोली आहे, वकिलाला उभे राहण्यासाठी कलम १३ मुळे परवानगी लागते, कलम ९ प्रमाणे न्यायाधीश आधी समेटाचा प्रयत्न करतात, असे ते चित्र होते. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. एकाच नवरा-बायकोच्या दोन फाइली दोन मजल्यांवर, दोन वेगळ्या तारखांना निघतात, आणि एका ठिकाणी दाखल केलेले शपथपत्र दुसऱ्या ठिकाणी कोणाला माहीत नसते. अशा वेळी एकाच शपथपत्राच्या प्रमाणित प्रती दोन्हीकडे लावाव्यात, दोन्ही अर्जांत परस्परांचा उल्लेख करावा आणि एका ठिकाणी मंजूर झालेली रक्कम दुसरीकडे वजावटीसाठी आपणहून दाखवावी, ही साधी शिस्त सांगायला अर्धा तास पुरला असता. सभागृहात बसलेल्यांपैकी निदान तिसरा हिस्सा आमच्यासारख्या गावांतून आलेला होता, म्हणून ही चूक मला अधिक खटकली.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे सत्र नेटके झाले. ‘अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर’ या २०१७ च्या निकालाप्रमाणे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधील सहा महिन्यांची प्रतीक्षा कधी माफ होऊ शकते आणि पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तसा विनंती अर्ज कसा द्यायचा, हे नमुन्यासह मिळाले. ‘शिल्पा शैलेश’ प्रकरणात १ मे २०२३ रोजी संसार पूर्णपणे मोडल्याच्या कारणावर थेट घटस्फोट देण्याचा जो अधिकार मान्य झाला, तो घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तरीही पक्षकार समाजमाध्यमांवर अर्धवट वाचून येतात आणि ‘मॅडम, आता हे कारण सांगून लगेच सुटका होते ना?’ असे विचारतात. हा गैरसमज कसा दूर करायचा हे वक्त्यांनी चांगले सांगितले. तडजोडीच्या अटींत रक्कम कोणत्या टप्प्यावर द्यायची, स्त्रीधनाची यादी वस्तूंच्या वजनासह कशी लिहायची आणि फौजदारी गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागणार असल्यास शेवटचा हप्ता त्या आदेशाशी कसा जोडायचा, हे सारे कामाचे होते. मुलाचे शिक्षण आणि आजारपण यांचा खर्च ‘वेळोवेळी’ या शब्दावर सोडू नका, आकडा आणि तारीख लिहा, हा त्यांचा आग्रह मी त्याच आठवड्यात अमलात आणला.

आता वसुलीबद्दल लिहिते, कारण माझी खरी तक्रार तीच आहे. पोटगीचा आदेश मिळवणे हे आमच्या कामाचे अर्धे अंग आहे. बाईच्या हातात पैसे पडेपर्यंतचे उरलेले अंग अधिक कष्टाचे असते, आणि त्या विषयाला दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची अवघी चाळीस मिनिटे होती. त्यातली पंधरा मिनिटे प्रमाणपत्र वाटपात गेली.

या विषयात वकिलाची चूक पक्षकाराला किती महागात पडते, हे एका साध्या हिशेबाने सांगता येईल. महिना ६,००० रुपये पोटगी मंजूर झाली आणि २६ महिने एक पैसाही मिळाला नाही, तर थकबाकी १,५६,००० रुपये होते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५(३) आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) प्रमाणे रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज दिला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणजे २६ महिने थांबून अर्ज दिला तर वॉरंट साधारण ७२,००० रुपयांपुरते मिळते आणि १४ महिन्यांचे ८४,००० रुपये त्या मार्गाने हातचे जातात. नवरा ‘पुढच्या सुगीला देतो’ म्हणतो, माहेरची माणसे ‘कशाला वाद वाढवायचा’ म्हणतात आणि मुदत निघून जाते. माझ्याकडे दुसऱ्या वकिलांकडून आलेल्या एका बाईंच्या बाबतीत अगदी हेच घडले होते. मुदतीत एक अर्ज दाखल झालेला असता, तर नंतर वाढत गेलेली थकबाकी त्याच अर्जात मागता आली असती, कारण २००५ साली ‘शांता ऊर्फ उषादेवी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. दर महिन्याला नवा अर्ज करण्याची गरज नसते, पण पहिला अर्ज मुदतीत पडलाच पाहिजे.

मुदत गेलेल्या रकमेचे काय, याचे उत्तर पुन्हा ‘रजनेश’ निकालातच सापडते, कारण पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो असे तेथे म्हटले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे इतर हुकूमनाम्यांच्या तुलनेत पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा मोठा हिस्सा जप्त होऊ शकतो. एकतृतीयांश पगार तेवढा सुरक्षित राहतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली न्यायदंडाधिकारी थेट नोकरी देणाऱ्याला रक्कम बाईकडे भरण्याचा आदेश देऊ शकतात. नवरा नोकरदार नसून शेतकरी असेल तर दंडवसुलीच्या रीतीने, म्हणजे जंगम मालमत्तेच्या जप्तीने किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली मागता येते. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीच्या अर्जात, काय लिहायचे, बेलिफाला कोणता पत्ता आणि कोणती वस्तू दाखवायची, गाडीचा क्रमांक आणि बँकेची शाखा आधीच कशी मिळवून ठेवायची, हे वक्त्यांना नक्कीच माहीत होते, कारण चहाच्या वेळी मी विचारले तेव्हा त्यांनी उभ्या उभ्या दहा मिनिटांत सारे सांगितले. ती दहा मिनिटे व्यासपीठावरून दोनशे वकिलांना ऐकायला मिळायला हवी होती. फाइलीतही घटस्फोटाच्या अर्जाचे पाच नमुने आहेत आणि वसुलीच्या अर्जाचा एकच, तोही जुन्या कलमांसह.

जुन्या कलमांची ही चूक फाइलीत इतरत्रही आहे. नवी संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित असलेली कामे जुन्याच संहितेप्रमाणे चालतात, त्यामुळे दोन्ही कलमे माहीत असणे आवश्यकच आहे. मात्र नव्या अर्जाच्या नमुन्यात जुने कलम छापणे ही निष्काळजी आहे, आणि तीन-चार वर्षांची वकिली असलेले तरुण मुलगे-मुली ते जसेच्या तसे टायपिस्टकडे देतील, याची मला काळजी वाटते.

मुलांच्या ताब्यावरचे सत्र एका अनुभवी समुपदेशक बाईंनी घेतले आणि त्यांनी एकही निकाल सांगितला नाही. भेटीच्या वेळी आईने दाराशी उभे राहून ‘जा, पण लवकर ये’ म्हणणे आणि वडिलांनी भेट संपताना ‘आईने तुला माझ्याबद्दल काय सांगितलं?’ असे विचारणे, या दोन वाक्यांचे सात वर्षांच्या मुलावर काय होते, हे त्यांनी समजावून दिले. मग प्रत्येक वकिलाला आपल्या पक्षकारासाठी भेटीच्या सूचना पाच ओळींत लिहायला सांगितल्या. माझ्या सूचनांत वेळ, जागा आणि पोहोचवण्याची जबाबदारी एवढेच होते. त्यांनी त्यात मुलाचे औषध, दप्तर आणि आजी-आजोबांशी फोनवर बोलण्याची मुभा अशी भर घातली. ते पान मी आता कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे.

परदेशी राहणाऱ्या पक्षकारांच्या सत्रात अपोस्टिल केलेले (परदेशातील अधिकृत शिक्क्याने प्रमाणित) कुलमुखत्यारपत्र, दूरदृश्य प्रणालीने साक्ष आणि १९९१ च्या ‘नरसिंह राव’ निकालाप्रमाणे परदेशी घटस्फोटाचा हुकूमनामा येथे कधी ग्राह्य धरला जातो, एवढे आटोपशीर सांगितले गेले. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे अमेरिकेतून मूल घेऊन आलेल्या मराठी आई-बापांच्या प्रकरणात प्रत्येक वेळी मुलाच्या हिताचा नव्याने विचार होतो, हेही आले. आमच्याकडे अशी प्रकरणे वर्षाकाठी एखादे येते, तेवढ्यासाठी ते पुरेसे आहे.

व्यवस्था चांगली होती. सभागृह प्रशस्त, ध्वनिक्षेपक स्वच्छ, जेवण साधे आणि वेळेवर. महिला वकिलांची संख्या मोठी असूनही लहान मुलांना सोबत आणणाऱ्या दोघींसाठी वेगळी जागा नव्हती. पुढच्या वेळी ती असावी, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले आहे.

दहा वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्या वकिलांनी शपथपत्र आणि तडजोडीच्या अटी या दोन सत्रांसाठी जरूर जावे. जुन्या वकिलांनी पहिला दिवस करावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वक्त्यांना गाठून वसुलीचे प्रश्न विचारावेत. ज्यांच्या गावी कुटुंब न्यायालय नाही त्यांनी नोंदणी करतानाच आपल्या न्यायालयाची रचना लिहून कळवावी आणि त्यावर वेळ मागून घ्यावा. शुल्कात सवलत देण्याचीही गरज आहे, कारण नव्या वकिलाला ३,५०० रुपये अधिक प्रवासखर्च हा एका महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग असतो.

परतल्यावर मंगळवारी मी कपाटातल्या पोटगीच्या सर्व फाइली खाली काढल्या आणि प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर शेवटची रक्कम कधी जमा झाली ती तारीख लाल शाईने लिहिली. त्यांपैकी तीन फाइलींमध्ये वर्ष पुरे व्हायला दोन महिन्यांपेक्षा कमी अवधी उरला होता. ते तिन्ही अर्ज आता दाखल झाले आहेत.